फुफाट्यात एटीव्हीचा दम: हवेची वाट कशी सुधारावी

मे महिन्यात आमच्या पांदणीवर गाडी घातली की मागचं काही दिसत नाही. दोन्हीकडची वावरं उन्हाळवाही होऊन उघडी पडलेली असतात. ट्रॅक्टर आणि मुरमाचे टिप्पर जाऊन जाऊन चाकोरीत घोट्याएवढा फुफाटा साचतो. काटोल तालुक्यातल्या संत्र्याच्या बागेत मी दोनशे सीसीची एटीव्ही, म्हणजे मोटरसायकलसारखं हँडल असलेली, कच्च्या वाटेवर चालणारी चारचाकी, वापरतो. फवारणीची टाकी ओढायची, ठिबकच्या नळ्यांची बंडलं वाहायची, रात्री रानडुकरांमागे धुऱ्या-धुऱ्यानं फिरायचं, अशी तिची कामं. भरल्या टाकीनं नाल्याचा चढ चढताना ती दम टाकायची. म्हणून मी तेच केलं जे सगळे करतात. एअरबॉक्स, म्हणजे फिल्टरचा बंद डबा, काढून फेकला आणि हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या कार्बोरेटरच्या तोंडावर लाल रंगाचा उघडा कोन फिल्टर बसवला.

आवाज भारी आला. पिकअपही वाढल्यासारखा वाटला. दिवाळीपर्यंत सायलेन्सरमधून निळा धूर निघायला लागला. मिस्त्रीनं हेड उघडलं, बोअरवर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर, नख फिरवून उभे ओरखडे दाखवले आणि म्हणाला, "भाऊ, तुमची गाडी हवा नाही, माती खाऊन रायली होती." रिंग, पिस्टन, बोअरिंग, सगळं करावं लागलं. पुढचं सगळं त्या खर्चातून शिकलेलं आहे. त्यात माझं म्हणणं एकच आहे. धुळीच्या मुलखात जास्त दम हवा असेल तर भोक मोठं करू नका, गाडी श्वास कुठून घेते ती जागा बदला.

आधी थोडा हिशेब

चार स्ट्रोकचं इंजिन दर दुसऱ्या फेरीला एकदा श्वास घेतं. दोनशे सीसीचं इंजिन ७००० आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला ७००० फेऱ्यांवर, मिनिटाला ३५०० वेळा हवा ओढतं. सिलिंडर दर वेळी साधारण ८५ टक्के भरतो असं धरलं तर मिनिटाला सुमारे ६०० लिटर हवा झाली, म्हणजे फवारणीचे दोनशे लिटरचे तीन ड्रम. ५७० सीसीच्या मोठ्या एटीव्हीला ६००० आरपीएमवर हाच आकडा १४०० लिटरच्या पुढे जातो. ही सगळी हवा चाकांनी उडवलेल्या धुळीतून येते.

आता दम कुठे हरवतो ते पाहू. वातावरणाचा दाब पाण्याच्या उंचीत मोजला तर आपल्याकडे तो ढोबळमानानं १० मीटर, म्हणजे १०,००० मिलिमीटर भरतो. त्यामुळे हवेच्या वाटेत १०० मिलिमीटर पाण्याइतका अडथळा असला की साधारण १ टक्का हवा कमी, आणि जवळजवळ तेवढाच दम कमी. समजा, स्वच्छ फिल्टर असलेल्या मूळ एअरबॉक्सचा एकूण अडथळा १५० मिलिमीटर आहे. तो पूर्ण काढून टाकला तरी हाती लागतो दीड टक्का. एका सिलिंडरचं इंजिन धापा टाकत ओढतं, म्हणून खरा तोटा सरासरी आकड्यापेक्षा थोडा जास्त असतो. हिशेबाची दिशा त्यानं बदलत नाही. तोच फिल्टर धुळीनं बसला आणि अडथळा ५०० वर गेला, तर ५ टक्के गेले.

तिसरी गोष्ट उष्णता. गरम हवा विरळ असते. बाहेर ४५ अंश असताना सीटखालची, इंजिनाला चिकटून असलेली हवा सहज ७० अंशांवर जाते. या दोन तापमानांत हवेच्या घनतेत ७ टक्क्यांचा फरक पडतो. उघड्या कोन फिल्टरनं मला दीड टक्का दिला आणि इंजिनाची गरम वाफ पाजून सात टक्के काढून घेतले. मला जो दम वाटला होता, तो कानाला वाटला होता.

काम सुरू करण्याआधी: इंजिन शाबूत आहे का?

ज्या इंजिनानं आधीच माती खाल्ली आहे त्याला कितीही चांगली हवा द्या, दम येणार नाही. स्पार्क प्लग काढून कॉम्प्रेशन गेज लावा. थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून सेल्फ मारा आणि आकडा लिहून ठेवा. मग प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजा. दुसऱ्या वेळी आकडा बराच वर गेला तर रिंग झिजल्या आहेत. फारसा हलला नाही आणि तरी कमीच असेल, तर व्हॉल्व्ह पाहावे लागतील. आधी तो खर्च करा.

त्यानंतर पांढऱ्या कापडाची परीक्षा. फिल्टर काढा. फिल्टरपासून कार्बोरेटरपर्यंत, म्हणजे स्वच्छ बाजूला, जी रबरी नळी जाते तिच्या आतून पांढरा सुती कपडा बोटानं फिरवा. कपड्यावर माती आली तर धूळ फिल्टरला वळसा घालून आत जात आहे. मग दम वाढवण्याचा विचार बाजूला ठेवून ती वाट शोधा. बहुतेक वेळा ती फिल्टरच्या काठावर, नळीच्या सैल क्लिपखाली किंवा एअरबॉक्सच्या वाकड्या झाकणात सापडते. रात्री अंधारात एअरबॉक्समध्ये मोबाइलचा टॉर्च ठेवून झाकण लावा. जिथून उजेड दिसेल तिथून धूळही जाणार.

फिल्टरच्या काठाला, जिथे तो बॉक्सवर बसतो, तिथे बोटभर ग्रीसचा पातळ थर द्या. एवढं केलं तरी अर्धं काम होतं, हे मी गमतीनं म्हणत नाही. रबरी नळी उन्हानं तडकली असेल तर ती टेपनं गुंडाळू नका, बदला.

आपली धूळ कोणती?

विदर्भात सगळीकडची धूळ सारखी नाही आणि उपायही सारखा नाही. पश्चिमेकडे, अकोला-अमरावती-यवतमाळ-वर्धेच्या बाजूला, काळी माती बेसाल्ट खडकाच्या झिजेतून झालेली आहे. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाच्या चिकणमातीचा भाग मोठा. ती धूळ पिठासारखी बारीक. फिल्टर ती पटकन बुजवते आणि जरा ओल लागली की फिल्टरवर लेप बसतो. पूर्वेकडे, भंडारा-गोंदिया-गडचिरोलीच्या धानपट्ट्यात, जुन्या ग्रॅनाइट आणि नाइस खडकांमुळे मातीत गारगोटीचा, म्हणजे क्वार्ट्झचा अंश जास्त. मोह्स मापावर क्वार्ट्झची कठीणता ७ आहे, सिलिंडरच्या लोखंडी लायनरपेक्षा कितीतरी अधिक. ती धूळ फिल्टर लवकर बुजवणार नाही, पण आत गेलीच तर बोअर खरवडेल. काळ्या मातीवाल्यानं फिल्टर तुंबण्याची काळजी जास्त करावी आणि गारगोटीच्या मुलखातल्यानं गळतीची.

वणी, घुग्घुस, उमरेडकडे कोळशाची भुकटी असते. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रांभोवती राख. दोन्ही फार बारीक. तिथे जाळीवर विसंबून चालत नाही. आणि एक हंगामी त्रास सगळ्यांनाच आहे. सोयाबीन निघताना हडंब्यातून, म्हणजे मळणी यंत्रातून, उडणारं कुटार (भुसा), आणि कापूस वेचणीच्या दिवसांतली उडती रुई. या गोष्टी इंजिनात जात नाहीत, पण जाळीच्या तोंडावर गादी करून बसतात.

बोअर खाणारी धूळ डोळ्यांना दिसणाऱ्या खड्यांची नसते. ५ ते २० मायक्रॉनचे कण सगळ्यात जास्त झीज करतात, कारण रिंग आणि बोअरमधल्या तेलाच्या थरात तेच नेमके मावतात. माणसाचा केस ढोबळमानानं ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणून मच्छरदाणीची जाळी बांधून फिल्टर केला असं समजू नये. जाळी फक्त कुटार अडवते.

मोजमाप: गवंड्याची नळी आणि सलाइनची नळी

अडथळा कुठे आहे हे न मोजता करवत हातात घेऊ नका. महागडं गेज लागत नाही. गवंडी लेव्हलसाठी वापरतात ती पारदर्शक नळी तीन मीटर घ्या. एका फळीवर इंग्रजी यू अक्षरासारखी बसवा. दोन्ही भुजा किमान मीटरभर उंच हव्यात, नाहीतर इंजिन पाणी ओढून घेईल. निम्म्यापर्यंत पाणी भरा, त्यात थोडी नीळ टाका, मागे मिलिमीटरची पट्टी चिकटवा. एक टोक उघडं, दुसरं टोक सलाइनच्या नळीनं एअरबॉक्सला जोडा. सलाइनच्या नळीवरचं ते फिरतं चाक फार कामाचं आहे. एका सिलिंडरच्या इंजिनात पाणी वर-खाली नाचत राहतं. चाक थोडं आवळलं की पाणी एका जागी स्थिरावतं आणि वाचता येतं.

दोन ठिकाणी मोजायचं. पहिलं मोजमाप फिल्टरच्या आधी, मळक्या बाजूला. हा मूळ तोंडाचा आणि नळीचा अडथळा. दुसरं फिल्टरच्या नंतर, स्वच्छ बाजूला. हा एकूण अडथळा. दोन्हींतला फरक म्हणजे फिल्टरचा वाटा. स्वच्छ बाजूला आधीच एखादी छोटी नळी जोडलेली असेल तर तिची जागा वापरा. नसेल तर बॉक्सच्या प्लॅस्टिकला चार मिलिमीटरचं भोक पाडा. ड्रिलच्या टोकाला ग्रीस लावा म्हणजे चुरा चिकटून राहील. त्याआधी कार्बोरेटरच्या तोंडात कापड कोंबायला आणि नंतर ते काढायला विसरू नका. मोजून झाल्यावर भोक स्क्रू आणि एम-सीलनं कायमचं बंद करा.

फळी पुढच्या रॅकला उभी बांधा आणि तिच्यासमोर मोबाइल व्हिडिओवर लावून ठेवा. रिकाम्या सरळ वाटेवर, कुणाला मागे न बसवता, गाडी भारावर असताना थ्रॉटल पूर्ण द्या. उभ्या गाडीत नुसती रेस वाढवून मोजणं चुकीचं आहे आणि इंजिनालाही वाईट. घरी येऊन व्हिडिओ पाहा. दोन भुजांतल्या पाण्याच्या पातळीतला फरक हा तुमचा आकडा.

त्याच दिवशी एक चढ ठरवून घ्या. मी नाल्यापासून विहिरीच्या धडीपर्यंतचा घेतला आहे. टाकी तेवढीच भरलेली, गिअर तोच, वेळ सकाळची. तीनदा वेळ मोजा. पुढे बदल खरा झाला की नुसता आवाजाचा, हे हा चढच सांगतो.

पाइप वर नेणं: खरं काम इथे आहे

चाकांनी उडवलेली धूळ जमिनीलगत सगळ्यात दाट असते आणि वर जाईल तशी विरळ होते. मूळ एटीव्हीत हवेचं तोंड बहुधा सीटखाली किंवा टाकीजवळ असतं. तिथे धूळही आणि इंजिनाची धगही. ते तोंड हँडलच्या वर, पुढच्या बाजूला, छातीच्या उंचीवर आणायचं. याला स्नॉर्कल म्हणतात. लोक ते नाला ओलांडायला लावतात. मी फुफाट्यासाठी लावलं.

पाइप शेतातच पडलेला असतो. २५० सीसीपर्यंत ५० मिलिमीटरचा पीव्हीसी पुरतो. तो आतून साधारण ४६ मिलिमीटर भरतो. माझ्या गाडीच्या ६०० लिटर हवेला त्यातून सेकंदाला ६ मीटर वेगानं जावं लागतं, म्हणजे घाईगर्दी काही नाही. ४०० ते ६०० सीसीला ६३ मिलिमीटरचा घ्या. त्याहून जाड घेऊन उपयोग नाही, गाडीवर ड्रेनेजचा पाइप घेऊन फिरल्यासारखं दिसतं एवढंच.

वळणं कमीत कमी ठेवा. काटकोनी एल्बोऐवजी लांब बेंड घ्या, नाहीतर ४५ अंशांचे दोन जोडा. आधी सगळं सिमेंट न लावता कोरडं जुळवून पाहा. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा, सस्पेन्शन दाबून पाहा, सीटवर बसून समोरचं दिसतं का ते पाहा. पाइप हेडलाइटच्या मधोमध न आणता एका कडेनं न्या. सायलेन्सर आणि त्याच्या पाइपपासून वीतभर तरी लांब ठेवा. पीव्हीसी ७५-८० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतो. जवळून नेणं टळत नसेल तर मध्ये पत्र्याचा आडोसा लावा.

कापलेल्या टोकांची आतली कोर पॉलिशपेपरनं घासा. मग पाइप पाण्यानं धुवा आणि पूर्ण वाळू द्या. कापताना उडालेला प्लॅस्टिकचा चुरा फिल्टरवर जाऊन बसतो. जोड सॉल्व्हंट सिमेंटनं पक्के करा आणि वास जाईपर्यंत, म्हणजे रात्रभर, तसेच ठेवा. एअरबॉक्सच्या मूळ तोंडाला मात्र सिमेंट नको. तिथे ट्रॅक्टरच्या रेडिएटरच्या नळीचा तुकडा आणि दोन होज क्लिपा वापरा. इंजिन हलतं, पाइप हलत नाही. मधला जोड लवचिक नसेल तर महिन्याभरात तडा जातो. पाइपला आधार पुढच्या रॅकचा किंवा फ्रेमचा द्या, हँडलचा कधीच नाही. लोखंडी पत्तीच्या आत जुन्या ट्यूबचा तुकडा घाला म्हणजे कंपन खात नाही.

वरचं तोंड पुढे करू नका. पुढे तोंड केलं की समोरच्या गाडीची धूळ, पावसाचे थेंब आणि संध्याकाळचे किडे थेट आत जातात. या वेगाला समोरून हवा कोंबली जाऊन दम वाढेल ही आशा फोल आहे. छत्रीच्या मुठीसारखी मूठ करून तोंड खाली आणि मागे वळवा. शेवटी ५० ते ७५ चा रिड्यूसर उलटा लावला तर तोंड कर्ण्यासारखं रुंद होतं. हवा सावकाश आत शिरते, त्यामुळे जड कण बाहेरच राहतात. त्यावर स्टीलची जाळी बसवा, कुटारासाठी. जाळी सहज निघणारी हवी, कारण ऑक्टोबरात ती दिवसातून दोनदा झटकावी लागते.

पाइपच्या सगळ्यात खालच्या बिंदूला पाणी साचतं. तिथे सहा मिलिमीटरचं भोक पाडून एक छोटी नळी बसवा. तिच्यावर सायकलच्या ट्यूबचा बोटभर तुकडा चढवून त्याचं टोक चपटं राहील असं दाबून घ्या. इंजिन ओढत असताना ते टोक आपोआप मिटतं आणि गाडी बंद झाली की उघडून पाणी-माती खाली टाकतं. ट्रॅक्टरच्या एअर क्लीनरखाली रबराची चोच असते, तिचंच हे गरिबाघरचं रूप.

पाइप वर नेल्यावर पुन्हा पाण्याच्या नळीनं मोजा. अडथळा वीस-तीस मिलिमीटर वाढलेला दिसू शकतो. घाबरू नका. पाव टक्का गेला आणि गार हवेचे काही टक्के मिळाले.

ट्रॅक्टरची चक्री लावावी का?

आमच्याकडे प्रत्येकाच्या डोक्यात हा विचार येतो. ट्रॅक्टरच्या बॉनेटवर काचेच्या वाटीसारखा प्री-क्लीनर असतो. हवा त्यात गरगर फिरते आणि जड धूळ वाटीत पडते. तोच पाइपच्या टोकावर बसवला तर? पुन्हा हिशेब करू. ३५ अश्वशक्तीच्या आसपासचा, तेवीसशे सीसीचा ट्रॅक्टर २००० आरपीएमवर मिनिटाला १९००-२००० लिटर हवा ओढतो. चक्री हवेच्या वेगावर चालते. माझ्या दोनशे सीसीच्या ६०० लिटरनं तिच्यात हवा गरगर फिरतच नाही, नुसती निघून जाते. म्हणजे ती वाटी शोभेची. ५७० सीसीच्या गाडीला मात्र १४०० लिटरवर ती बऱ्यापैकी काम देते. छोट्या गाडीला पॉवर टिलरसारख्या लहान इंजिनाच्या मापाचा प्री-क्लीनर मिळाला तरच लावा. जुन्या ट्रॅक्टरचा ऑइल-बाथ फिल्टर तर एटीव्हीला नकोच. गाडी उतारावर तिरकी झाली की त्यातलं तेल इंजिनात जातं.

फिल्टर कोणता, आणि झाकणाला भोकं पाडावी का

फुफाट्यासाठी माझा क्रम असा आहे. कंपनीचा मूळ कागदी किंवा फोमचा फिल्टर पहिला. दोन थरांचा फोम, बाहेरून जाड छिद्रांचा आणि आतून बारीक, तेल लावलेला, हा त्याच्या बरोबरीचा. तेल लावलेल्या सुती जाळीचा फिल्टर सगळ्यात शेवटी. तो हवा मोकळी सोडतो, आणि बारीक धूळही. डांबरी रस्त्यावर चालून जातो, पांदणीवर नाही.

दम वाढवायचाच असेल तर त्याच एअरबॉक्समध्ये मावेल असा जास्त क्षेत्रफळाचा फिल्टर शोधा. क्षेत्रफळ दुप्पट झालं की दर चौरस इंचावरची हवा निम्मी होते. अडथळा घटतो आणि फिल्टर तुंबायला दुपटीहून जास्त वेळ लागतो. धुळीत फिल्टर बाराही तास सारखा मोकळा राहणं, हाच खरा फायदा.

झाकणाला भोकं पाडण्याबद्दल: तुमच्या मोजमापात मूळ तोंडाचा अडथळा फिल्टरपेक्षा फार जास्त निघाला तरच त्याचा विचार करा. तेव्हाही झाकणाला भोकं पाडण्याऐवजी ते तोंडच मोठं करून स्नॉर्कल त्याला जोडा. झाकणाला भोक म्हणजे वर नेलेल्या पाइपला खालूनच वळसा. आणि एअरबॉक्स पूर्ण काढूच नका. त्याच्या पोकळीवर इंजिनाचा मधल्या आरपीएमचा ओढा जुळवलेला असतो. तो काढला की गाडी वरच्या आरपीएमला धावते पण चढावर मध्येच दम तुटतो.

पेट्रोलचं जुळवून घेणं

फक्त पाइप वर नेला असेल तर जेट, म्हणजे कार्बोरेटरमधली पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकाची तोटी, बदलावा लागत नाही. फिल्टर किंवा तोंड बदलून अडथळा बराच कमी केला असेल, तर हवा वाढली, पेट्रोल तेवढंच राहिलं. मिश्रण पातळ होतं. ४५ अंशांच्या उन्हात भारावर पातळ मिश्रण म्हणजे पिस्टनला चटका.

शिवाय एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. आपल्या पंपावर आता ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, मिळतं. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनानं १४.७ भाग हवा लागते, ई-२० ला सुमारे १३.५. म्हणजे जुन्या कार्बोरेटरची गाडी काहीही न बदलता आधीच ७-८ टक्के पातळ चालते आहे. माझ्या गाडीत मेन जेट एक नंबर वाढवल्यावर चढावरचा दम जेवढा सुधारला, तेवढा फिल्टरनं कधी सुधारला नव्हता.

तपासायचं असं. नवा प्लग लावा. भारावर थ्रॉटल पूर्ण ठेवून चढ चढा आणि वर पोचल्यावर किल स्विचनं इंजिन तिथल्या तिथे बंद करा. निवांत होऊ दिलं तर प्लगवरची खूण पुसली जाते. प्लग काढून पाहा. पांढराफटक असेल तर पातळ, काळा काजळीसारखा असेल तर घट्ट, फिकट तपकिरी असेल तर बरोबर. हल्लीच्या पेट्रोलवर रंग जुन्या पुस्तकांपेक्षा फिकाच येतो, हे लक्षात घ्या. जेट एका वेळी एकच नंबर बदला. मधल्या थ्रॉटलला अडखळत असेल तर कार्बोरेटरमधल्या सुईची क्लिप एक खाच खाली सरकवा, सुई वर येते आणि पेट्रोल वाढतं.

मे महिन्यात नेमका जुळवलेला जेट जानेवारीच्या पहाटे पातळ पडतो, कारण ४५ अंशांपेक्षा १० अंशांची हवा १२ टक्के दाट असते. म्हणून उन्हाळ्यात किंचित घट्टच ठेवा.

फ्युएल इंजेक्शनच्या गाड्या बहुतेक वेळा दाब आणि तापमान मोजून स्वतःच जुळवून घेतात. त्यांच्या सेन्सरांना हात लावू नका आणि सेन्सर फसवणारे स्वस्त डबे लावू नका. एअरबॉक्समधल्या तापमानाच्या सेन्सरवर फिल्टरचं तेल उडालं की तो चुकीचं वाचतो, म्हणून फोमला तेल बेतानं.

गाडीचं दुसरं नाक

बेल्टवर चालणाऱ्या, म्हणजे सीव्हीटीच्या एटीव्हीला दोन श्वास असतात. एक इंजिनाचा आणि दुसरा बेल्टच्या डब्याला गार ठेवण्याचा. दुसऱ्याकडे कुणी पाहतच नाही. त्यातून गेलेली माती बेल्ट आणि पुलीमध्ये पिठासारखी पसरते, बेल्ट घसरतो, आणि माणूस म्हणतो इंजिनात दम नाही. बऱ्याच गाड्यांत या वाटेला फिल्टरच नसतो. शक्य असेल तर तीही नळी त्याच उंचीवर न्या आणि तोंडाला जाड छिद्रांचा फोम लावा. इथे तेल अजिबात नको, कारण ते बेल्टवर गेलं की घसरण आणखी वाढते. फोम बारीक घेतला तर बेल्ट तापेल. वारंवार झटकायला लागला तरी जाड छिद्रांचाच ठेवा.

धुणं आणि बदलणं

फोमचे दोन फिल्टर ठेवा. एक गाडीत, एक धुऊन तेल लावून प्लॅस्टिकच्या पिशवीत. वखरणी-नांगरणीच्या दिवसांत मी रोज संध्याकाळी झाकण उघडून पाहतो आणि साधारण दहा तासांच्या कामानंतर फिल्टर बदलतो. तुमच्या धुळीचा आकडा पाण्याच्या नळीनं काढा. स्वच्छ फिल्टरच्या आकड्यावर २०० मिलिमीटर वाढले की धुवायची वेळ झाली.

फोम आधी रॉकेलमध्ये किंवा डिझेलमध्ये बुडवून दाबा. पेट्रोल नको, आगीची भीती आणि फोमचा डिंकही सुटतो. मग कपड्याच्या साबणाच्या पाण्यात दाबून दाबून धुवा. पिळू नका, पिळलं की फाटतो. सावलीत वाळवा. फोम फिल्टरचं तेल मिळालं तर उत्तम, नाहीतर घट्ट इंजिन ऑइल. सगळीकडे सारखं मुरेपर्यंत दाबा आणि मग जास्तीचं पूर्ण काढून टाका. ठिबकणारा फिल्टर काळ्या मातीचा चिखल करतो.

कागदी फिल्टरवर कंप्रेसरची हवा जोरात मारू नका. डोळ्यांना न दिसणारी भोकं पडतात आणि फिल्टर स्वच्छ दिसूनही चाळणी झालेला असतो. हलक्या हातानं झटका, आणि घड्या मातीनं भरल्या की नवा घ्या. फिल्टर काढण्याआधी बॉक्सच्या बाहेरची धूळ ओल्या फडक्यानं पुसा. सगळ्यात जास्त माती इंजिनात जाते ती फिल्टर बदलताना.

गाडीच्या कागदांबद्दल थोडं. बहुतेक एटीव्ही सार्वजनिक रस्त्यासाठी नसतातच, त्या शेतात आणि पांदणीवरच चालवाव्यात. तुमची गाडी नोंदणीकृत असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार मूळ रचनेत फेरफार करण्यावर बंधनं आहेत, आणि वॉरंटीतल्या गाडीला करवत लावण्याआधी विचार करा. मूळ तोंड जपून ठेवलं तर पाइप काढून पुन्हा पहिल्यासारखं करता येतं.

आणि पावसाळ्यात, गाडी गोठ्यात उभी असते तेव्हा, पाइपचं तोंड मोकळं सोडू नका. कुंभारमाशीला मातीचं घर बांधायला अशी जागा फार आवडते. माझ्या जाळीच्या आत तिनं दोनदा घर केलं. आता मी तोंडावर लाल फडकं बांधतो आणि त्याचं दुसरं टोक गाठ मारून किल्लीला अडकवतो, म्हणजे फडकं सोडल्याशिवाय किल्ली हातात येत नाही.